‘करता येईल’ आणि ‘करील’ : राजभाषेच्या कायद्याची घडण

कायदा विधिमंडळात जन्मास येतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. विधेयक मांडले जाते, त्यावर चर्चा होते, मतदान होते, राष्ट्रपतींची अनुमती मिळते आणि राजपत्रात अधिनियम प्रसिद्ध होतो. शालेय नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतून येणारे हे वर्णन चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. भारतासारख्या विस्तीर्ण संघराज्यात एखाद्या धोरणाची घडण संविधानातील एका अनुच्छेदापासून सुरू होते आणि आयोग, समिती, राष्ट्रपतींचा आदेश, अधिनियम, संकल्प, नियम, अधिसूचना व परिपत्रक अशा कित्येक पायऱ्यांवरून ती नागरिकाच्या दाराशी येऊन पोचते. प्रत्येक पायरीवर मजकूर नव्याने लिहिला जातो, आणि प्रत्येक वेळी एखादे क्रियापद, एखादे क्रियाविशेषण बदलते. भाषेच्या अभ्यासकाला या प्रवासात रस वाटावा तो याचसाठी. प्रस्तुत लेखात उदाहरण म्हणून राजभाषेचाच कायदा घेतला आहे. येथे भाषा हा कायद्याचा विषयही आहे आणि त्याचे साधनही. त्यामुळे शब्दाचे वजन येथे जितके उघडे पडते तितके अन्यत्र क्वचितच पडते.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द आपल्या बोलण्यात सर्रास येतो. संविधानात कोणत्याही भाषेस ती पदवी दिलेली नाही. सतराव्या भागाने हिंदीला दिलेले स्थान ‘संघराज्याची राजभाषा’ असे आहे, आणि आठव्या अनुसूचीतील भाषांना तर नुसते ‘भाषा’ एवढेच म्हटले आहे. त्या अनुसूचीत प्रथम १४ भाषा होत्या. १९६७ साली सिंधी, १९९२ साली कोकणी, मणिपुरी व नेपाळी, आणि २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली व संताली यांची भर पडून त्या आता २२ झाल्या आहेत. हा शब्दभेद अपघाताने पडलेला नाही. १४ सप्टेंबर १९४९ रोजी घटनासमितीने जी तडजोड स्वीकारली, आणि जी कन्हैयालाल मुनशी व गोपालस्वामी अय्यंगार यांच्या नावांनी ओळखली जाते, तिचा पायाच असा होता, की ज्या शब्दावर एकमत होणे अशक्य, तो शब्द टाळावयाचा.

या तडजोडीची रचना पाहण्याजोगी आहे. अनुच्छेद ३४३ च्या पहिल्या खंडाने देवनागरी लिपीतील हिंदी ही राजभाषा ठरविली; अंक मात्र देवनागरी न ठेवता भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप पत्करले. दुसऱ्या खंडाने संविधानाच्या प्रारंभापासून पंधरा वर्षे इंग्रजीचा वापर पूर्ववत चालू ठेवला. तिसऱ्या खंडाने पंधरा वर्षांनंतरही इंग्रजीच्या वापराची तरतूद संसदेला कायद्याने करता येईल, असे म्हटले. म्हणजे पहिल्या खंडाने जे दिले त्याची मुदत दुसऱ्याने पुढे ढकलली, आणि ती मुदत अखेरची नव्हे अशी सोय तिसऱ्याने करून ठेवली. हिंदीच्या पुरस्कर्त्यांनी पहिला खंड वाचावा, दक्षिणेकडील सभासदांनी तिसरा वाचावा आणि दोघांनीही समाधानाने घरी जावे, अशीच ही योजना होती. तिला दुटप्पीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु संघराज्याच्या घटनेत असे मजकूर अपरिहार्यपणे येतात, असे माझे मत आहे. वादाचा निकाल आज लागत नसेल, तर तो उद्या कोणी व कोणत्या रीतीने लावावयाचा एवढेच त्यांत ठरविलेले असते.

तो ‘उद्या’ १९५५ साली उगवला. अनुच्छेद ३४४ प्रमाणे पाच वर्षांनंतर राष्ट्रपतींनी आयोग नेमावयाचा होता. तो मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. आयोगाने १९५६ साली अहवाल दिला व हिंदीकडे क्रमाक्रमाने जाण्याची दिशा दाखविली. त्या अहवालाला जोडलेल्या भिन्नमतपत्रिका मूळ अहवालाइतक्याच वाचनीय आहेत. त्यांतील एक आपल्या शास्त्रातील थोर पंडित सुनीतिकुमार चतर्जी यांची, तर दुसरी मद्रासचे पी. सुब्बरायन यांची आहे. हिंदी ज्यांची मातृभाषा आहे त्यांस अनायासे लाभ आणि इतरांवर कायमचा भार, अशी विषमता घाईने उत्पन्न होईल, हा चतर्जींचा मुख्य आक्षेप होता. ज्या विद्वानाने भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांचा आयुष्यभर अभ्यास केला त्याने ही शंका घ्यावी, याला महत्त्व आहे. आयोगात बहुमताने जे नाकारले गेले ते बारा वर्षांनी निराळ्या वाटेने कायद्यात आले, हे पुढे दिसेलच.

आयोगाच्या शिफारशींवर लोकसभेचे २० व राज्यसभेचे १० अशा ३० सभासदांच्या समितीने विचार करावयाचा होता. गोविंद वल्लभ पंत या समितीचे अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९५९ साली आला. १९६५ नंतर हिंदी प्रमुख व इंग्रजी दुय्यम, अशी तिची भूमिका होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान नेहरूंनी लोकसभेत आश्वासन दिले, की जोवर लोकांना हवी असेल तोवर इंग्रजी सहभाषा म्हणून राहील आणि हा निर्णय आपण अहिंदी भाषकांवर सोपवू. २७ एप्रिल १९६० रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यातून पुढे शास्त्रीय व तांत्रिक परिभाषेसाठी एक आणि विधिविषयक परिभाषेसाठी व अधिनियमांच्या अनुवादासाठी दुसरा, असे दोन आयोग १९६१ साली अस्तित्वात आले. इतके सारे होईपर्यंत संसदेने या विषयावर एकही अधिनियम केलेला नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. धोरणाचा बराचसा भाग आधीच घडून गेला होता.

आता आपण त्या प्रसिद्ध क्रियापदापाशी येतो. १९६३ साली गृहमंत्री लाल बहादूर शास्त्री यांनी मांडलेल्या विधेयकाच्या तिसऱ्या कलमात, पंधरा वर्षांची मुदत संपली तरी हिंदीखेरीज इंग्रजीचाही वापर ‘चालू ठेवता येईल’ अशा अर्थाचा ‘मे’ हा इंग्रजी शब्द होता. अहिंदी प्रांतांच्या प्रतिनिधींनी ‘मे’च्या जागी ‘शॅल’ हवा, असा आग्रह धरला. लोकसभेत फ्रँक अँथनी यांनी विधेयकाला विरोध केला, राज्यसभेत सी. एन. अण्णादुरै यांनी या एका शब्दावर बोट ठेवले. ‘मे’ने शंकित होण्याचे कारण नाही, पंतप्रधानांचे आश्वासन पाठीशी आहेच, असा सरकारपक्षाचा खुलासा होता. विधेयक संमत झाले व १० मे १९६३ रोजी त्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली.

हा वाद शाब्दिक कीस काढण्याचा होता काय? व्याकरणाच्या दृष्टीने पाहू. इंग्रजी ‘मे’मध्ये निदान तीन अर्थ एकवटले आहेत: परवानगी, संभाव्यता आणि अधिकार. मराठीत हे अर्थ वेगवेगळ्या रूपांत विभागलेले आहेत. ‘करता येईल’ यात मुभा व अधिकार आहे. ‘करू शकेल’ यात सामर्थ्य आणि शक्यता आहे. ‘कदाचित करील’ यात निव्वळ संभव आहे. कर्तव्य सांगावयाचे तर ‘करावे’ आणि ‘केले पाहिजे’ ही रूपे आहेत, आणि मराठेशाहीच्या पत्रांतून ‘-णे’कारान्त रूपाने आज्ञा देण्याचा प्रघात होता: अमुक गाव अमक्यास ‘देणे’, ताकिदीप्रमाणे ‘वर्तणूक करणे’. आजच्या मराठी अधिनियमांनी यांतले काहीच न घेता ‘शॅल’साठी साधा भविष्यकाळ निवडला: ‘राज्य शासन नियम करील’, ‘सचिव अहवाल सादर करील’. सामान्य वाचक ‘करील’ हे वाचतो तेव्हा त्याला त्यात भाकीत किंवा फार तर वचन दिसते. विधिज्ञाला बंधन दिसते. माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांपुढे असे कलम ठेवले असता निम्म्याहून अधिक विद्यार्थी त्यातील सक्ती ओळखू शकत नाहीत, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. दोष त्यांचा नव्हे. ज्या रूपाने आपण ‘उद्या पाऊस पडेल’ असे म्हणतो त्याच रूपाने कायदा आज्ञा करीत आहे.

न्यायालयांनी ‘मे’चा अर्थ कधी कधी ‘शॅल’ असा लावलेला आहे, हे खरे. दिलेल्या अधिकाराच्या वापरावर इतरांचा हक्क अवलंबून असेल, तर तो अधिकार वापरणे हे कर्तव्य ठरते, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८८० च्या ऑक्सफर्डच्या बिशपविषयीच्या खटल्यात मांडले गेले व आपल्या न्यायालयांनीही ते अनुसरले. परंतु अण्णादुरैंची अडचण निराळी होती. शब्द संदिग्ध असला तर त्याचा अर्थ उद्याचे सरकार लावील. आणि उद्याच्या सरकारात नेहरू असतीलच असे नाही. मे १९६४ मध्ये नेहरूंचे निधन झाले. २६ जानेवारी १९६५ हा दिवस जवळ येताच मद्रास राज्यात जे आंदोलन उसळले त्यात अनेकांचे प्राण गेले. काहींनी आत्मदहन केले. सी. सुब्रमण्यम व ओ. व्ही. अळगेशन या केंद्रातील मंत्र्यांनी राजीनामे देऊ केले आणि ११ फेब्रुवारीस पंतप्रधान शास्त्रींना आकाशवाणीवरून नेहरूंच्या आश्वासनाचा पुनरुच्चार करावा लागला. आश्वासन तोंडी आणि कायदा लेखी, यांतील अंतराची ही किंमत होती.

१९६७ च्या दुरुस्ती अधिनियमाने हे अंतर भरून काढले. ८ जानेवारी १९६८ रोजी त्याला अनुमती मिळाली. त्याने बसविलेल्या नव्या तिसऱ्या कलमात दोन गोष्टी आल्या. एक, संकल्प, सर्वसाधारण आदेश, नियम, अधिसूचना, अहवाल, करार, अनुज्ञप्ती, निविदांचे नमुने इत्यादींसाठी हिंदी व इंग्रजी या दोन्ही भाषा वापरल्या ‘जातील’, म्हणजे ‘शॅल’. दुसरी गोष्ट पाचव्या पोटकलमात आहे, आणि संघराज्यपद्धतीच्या अभ्यासकाने ती मुळातून वाचावी. ज्या राज्यांनी हिंदीचा राजभाषा म्हणून अंगीकार केलेला नाही अशा सर्व राज्यांच्या विधानमंडळांनी इंग्रजीचा वापर बंद करण्याविषयी ठराव संमत केल्याखेरीज, आणि त्यांचा विचार करून संसदेच्या प्रत्येक सभागृहाने तसा ठराव संमत केल्याखेरीज, या तरतुदी अमलात राहतील. शब्द साधे आहेत, पण ‘सर्व’ या एका विशेषणाने प्रत्येक अहिंदी राज्याच्या हाती नकाराधिकार दिला आहे. तसा अधिकार संविधानात नाही. संसदेने आपल्या साध्या अधिनियमातून आपलाच हात असा बांधून घेतला. साधा अधिनियम साध्या बहुमताने बदलता येतो, हे कोणी निदर्शनास आणील. तात्त्विक दृष्ट्या ते बरोबर आहे. तथापि अर्धशतकाहून अधिक काळ कोणत्याही पक्षाच्या सरकारने त्या पोटकलमाला हात लावलेला नाही.

अधिनियमानंतर नियम. आठव्या कलमाने केंद्र शासनाला नियम करण्याचा अधिकार दिला असून ते संसदेच्या प्रत्येक सभागृहापुढे तीस दिवस ठेवावे लागतात. वृत्तपत्रे अधिनियमाची चर्चा करतात, नियमांची सहसा करीत नाहीत. नागरिकाचा संबंध मात्र बहुधा नियमांशीच येतो. १९७६ चे राजभाषा नियम याचे उत्तम उदाहरण होय. पहिल्याच नियमात, हे नियम तामिळनाडू राज्य वगळता संपूर्ण भारतास लागू असतील, असे म्हटले आहे. ज्या प्रश्नावर संसद दशकभर तापली होती तो प्रश्न दुय्यम विधानातील एका वाक्यांशाने, कोणताही समारंभ न करता, बाजूला ठेवला. उरलेल्या देशाचे तीन प्रदेश पाडले आहेत. हिंदी भाषक राज्ये ‘क’ प्रदेशात. गुजरात, पंजाब व महाराष्ट्र ‘ख’ प्रदेशात. गोव्यासह उर्वरित राज्ये ‘ग’ प्रदेशात.

महाराष्ट्राला ‘ख’ प्रदेशात घालण्याचा व्यावहारिक परिणाम काय? केंद्राच्या कार्यालयाने राज्य शासनास पाठवावयाचे पत्र ‘सामान्यतः’ हिंदीत असेल, आणि इंग्रजीत पाठविल्यास सोबत हिंदी अनुवाद असेल. राज्यातील व्यक्तीस पाठवावयाचे पत्र हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत असू शकेल. मराठीचा पर्याय या नियमात नाही. एखाद्या खेड्यातील निवृत्तिवेतनधारकाने आपले गाऱ्हाणे मराठीत लिहून केंद्राच्या कार्यालयाकडे पाठविले, तर तसे करण्याचा त्याचा हक्क संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने सुरक्षित केलेला आहे: संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत त्यास अर्ज करता येतो. त्याला उत्तर कोणत्या भाषेत मिळावे, याविषयी तो अनुच्छेद अक्षरही बोलत नाही. अर्ज आपल्या भाषेत आणि उत्तर परक्या भाषेत, ही स्थिती कोणी मुद्दाम योजिली असे मी म्हणणार नाही. अनुच्छेद एका काळी, एका हेतूने लिहिला गेला. नियम दुसऱ्या काळी, दुसऱ्या हेतूने. दोहोंच्या मधली जागा कोणाच्याच लक्षात राहिली नाही.

राज्यांच्या पातळीवर अनुच्छेद ३४५ ने विधानमंडळांना आपापली राजभाषा ठरविण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने १९६४ चा राजभाषा अधिनियम करून मराठी स्वीकारली. १९६६ च्या वर्जित प्रयोजनांच्या नियमांनी केंद्राशी व अन्य राज्यांशी होणारा पत्रव्यवहार आदी बाबी त्यातून वगळल्या. आधी १९६० सालीच भाषा संचालनालय स्थापन झाले होते, आणि १९६२ चा ‘पदनाम कोश’ निघताच आचार्य अत्रे यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून संभावना केली होती. ती थट्टा लोकांच्या स्मरणात राहिली. कोशातील बहुसंख्य शब्द मात्र मुकाट्याने रूढ झाले. संचालक, अधीक्षक, आयुक्त हे शब्द आज कोणासही खटकत नाहीत. फार्सीतून आलेले ‘कलम’ आपण राखले, हिंदीने ‘धारा’ घेतली. ‘अधिनियम’ मात्र दोघांनी समान ठेवला. असो. मूळ अधिनियमात स्थानिक प्राधिकरणांना बांधणारी तरतूद नव्हती, ही उणीव भरून काढण्यास २०२२ साल उजाडावे लागले. गोव्याचा १९८७ चा अधिनियम याहून नाजूक आहे. देवनागरीतील कोकणी ही राजभाषा; आणि मराठीचाही ‘सर्व किंवा कोणत्याही’ शासकीय प्रयोजनांसाठी वापर. ‘सर्व किंवा कोणत्याही’ या शब्दसमूहात शंभर प्रयोजनेही बसतात आणि एकही बसते. १९४९ च्या तडजोडीचेच हे कुळ आहे.

येथवर कायदा कोणत्या भाषेविषयी बोलतो ते पाहिले. तो स्वतः कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. अनुच्छेद ३४८ प्रमाणे विधेयके, अधिनियम, अध्यादेश, नियम, उपविधी या सर्वांचे प्राधिकृत पाठ इंग्रजीत असतात. राज्याने आपला अधिनियम आपल्या भाषेत केला, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी अनुवाद हाच प्राधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो. म्हणजे मूळ मराठी आणि अनुवाद इंग्रजी असताना अर्थनिर्णयाच्या वेळी मान अनुवादाकडे झुकण्याचा संभव राहतो. बिहारमधील एका प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हिंदी व इंग्रजी पाठांत विरोध आल्यास इंग्रजी पाठ प्रभावी ठरेल, असा निर्णय दिला. केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील अनुवादांना प्राधिकृत दर्जा देणारा अधिनियम १९७३ साली झाला; संविधानाच्या हिंदी पाठाला तसा दर्जा १९८७ च्या ५८ व्या घटनादुरुस्तीने मिळाला. कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरविण्याचा अधिकार केंद्राच्या प्रक्रिया संहितांनी राज्य शासनांवर सोपविलेला आहे, आणि त्यानुसार महाराष्ट्रात १९९८ साली मराठीची अधिसूचना निघाली. २०२३ साली फौजदारी कायदे नव्याने करण्यात आले तेव्हा त्यांना दिलेली नावे हिंदी आहेत. प्राधिकृत मजकूर इंग्रजी, आणि त्याच्या माथ्यावर ‘भारतीय न्याय संहिता’ हे नाव रोमन लिपीत. द्विभाषिकतेच्या अभ्यासकाला इतका सुबक नमुना शोधूनही सापडला नसता.

शेवटी अगदी अलीकडची घटना. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हा अधिनियम नव्हे. त्रिभाषा सूत्र सांगताना कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही, असे तेही म्हणते. महाराष्ट्रात या धोरणाच्या अनुषंगाने १६ एप्रिल २०२५ रोजी शासन निर्णय निघाला आणि मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली. विरोध होताच १७ जून रोजी दुसरा निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’ हा शब्द गेला आणि हिंदी ही ‘सर्वसाधारणपणे’ तृतीय भाषा असेल, असे शब्द आले. अन्य भाषा हवी असल्यास इयत्तेत किमान वीस विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दर्शविली पाहिजे, अशी अट होती. १९६३ चा ‘मे’ आणि १९७६ च्या नियमांतील ‘सामान्यतः’ यांच्या पंक्तीत हे क्रियाविशेषण बसते. फरक एवढाच, की ‘मे’ने बंधन दाखविण्याचे टाळले आणि ‘सर्वसाधारणपणे’ने ते झाकले, कारण वीस विद्यार्थी जेथे जमत नाहीत अशा लहान शाळेत या शब्दाचा अर्थ ‘अनिवार्य’ असाच उरतो. वाचकांनी तो बरोबर ओळखला. २९ जून रोजी दोन्ही निर्णय रद्द करण्यात येत असल्याचे व डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात येत असल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले.

१९६३ च्या कायद्याच्या वेळी आधी आयोग बसला, नंतर समिती, आणि मग विधेयक आले. येथे आधी निर्णय, मग दुसरा निर्णय, आणि समिती सर्वांत शेवटी आली. या पंचाहत्तर दिवसांत विधिमंडळापुढे एकही विधेयक नव्हते. शासन निर्णयाला तसे ते लागतही नाही: तो सचिवालयाच्या सहीने निघतो आणि त्याच सहीने मागे घेता येतो. तिसऱ्या कलमाच्या पाचव्या पोटकलमासारखे काही त्यात लिहिलेले नसते.